टॉवर बंद पडल्यावर बोलणारा संच

मृगाच्या आधी येणारे वळवाचे वादळ वाशीम जिल्ह्याला नवे नाही. दुपारनंतर आभाळ काळवंडते, धूळ उठते, कुठेतरी तारांवर फांदी पडते आणि वीज जाते. पहिला काही वेळ कुणाला फारसे काही वाटत नाही, कारण मोबाइलचे टॉवर बॅटरीवर चालू असतात. वीज लवकर आली नाही तर मात्र एकेक टॉवर गप्प होतो आणि मानोरा, मालेगावकडच्या डोंगराळ गावांत फोनवरची रेंज नाहीशी होते. कुणी झाडाखाली अडकले, कुणावर वीज पडली, तर जिल्ह्याच्या ठिकाणी कळवायचे कसे?

या प्रश्नाचे एक जुने आणि आजही चालणारे उत्तर म्हणजे हौशी रेडिओ, म्हणजेच हॅम रेडिओ. त्यासाठी लागणारा लघुलहरींचा संच चार-पाच किलो वजनाचा आणि टेबलाच्या कोपऱ्यावर मावणारा असतो. बोलणे आणि ऐकणे ही दोन्ही कामे एकाच पेटीत होतात, म्हणून तो ट्रान्सीव्हर. मध्ये टॉवर लागत नाही, उपग्रह लागत नाही, इंटरनेट लागत नाही. दोन माणसे, दोन संच, दोन तारा आणि डोक्यावरचे आकाश एवढ्यावर भागते.

हे नुसते सांगण्यापुरते नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी भूकंप आणि त्यामागून त्सुनामी आली, तेव्हा दिल्लीच्या हॅम भारती प्रसाद (त्यांचे संकेतनाव व्हीयू२आरबीआय) पोर्ट ब्लेअरच्या एका हॉटेलात होत्या. अंदमानातून हौशी प्रसारणाला बऱ्याच वर्षांनी परवानगी मिळाली होती आणि त्यांचा चमू जगभरच्या हॅमशी बोलण्यासाठी तेथे गेला होता. भूकंपानंतर फोन बोलेनासे झाले. हौसेसाठी नेलेले तेच संच मग हजार किलोमीटरहून अधिक समुद्र ओलांडून मुख्य भूमीशी बोलू लागले. बेटांवरच्या माणसांच्या खुशालीचे निरोप त्यांवरून गेले. त्याआधी २००१च्या भुज भूकंपातही हॅम मदतीला धावले होते.

मग असा संच घ्यायचा तर त्यात काय पाहायचे? जाहिरातीत पहिला आकडा असतो शक्तीचा : १०० वॉट. दुसरा दावा असतो सातासमुद्रापार बोलण्याचा. वाशीमसारख्या ठिकाणी, जिथे खरी गरज अकोला, नागपूर, संभाजीनगर किंवा पुण्याशी बोलण्याची आहे, तिथे हे दोन्ही आकडे दुय्यम ठरतात. का, ते समजण्यासाठी आधी आकाशाकडे वळावे लागेल.

ज्यांनी रेडिओ सिलोनवर गाणी ऐकली आहेत, त्यांना लघुलहरी अनोळखी नाहीत. रेडिओच्या काट्यावर २५ मीटर, ३१ मीटर, ४१ मीटर असे आकडे असत. आवाज मध्येच मोठा होई, मध्येच बुडे, पुन्हा वर येई. त्या ४१ मीटरच्या अगदी शेजारी हॅमची ४० मीटरची गल्ली आहे. भारतात ती ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ एवढी आहे. १९४२ साली उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून चालवलेला भूमिगत काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर बोलत असे. हिशेब केला तर तो ७.०८ मेगाहर्ट्झ येतो, म्हणजे आजच्या हॅमच्या गल्लीतच.

गाण्याचा आवाज बुडण्याचे आणि वर येण्याचे कारण जमिनीपासून ६० ते ४०० किलोमीटर उंचीवर आहे. सूर्याची अतिनील आणि क्ष-किरणे तेथल्या विरळ हवेतील अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे करतात. हे आयनांबर. त्याचा वरचा थर (एफ थर, साधारण २५० ते ४०० किलोमीटरवरचा) लघुलहरींना वाकवून परत जमिनीकडे पाठवतो. खालचा डी थर, ६० ते ९० किलोमीटरवरचा, मात्र कमी वारंवारतेच्या लहरी गिळतो. तो फक्त दिवसा असतो. सूर्य मावळला की विरून जातो, म्हणून रात्री दूरची स्टेशने लागतात.

आता १४ मेगाहर्ट्झवर वाशीमहून कुणी बोलले तर गंमत होते. ही लहर जमिनीलगत काही किलोमीटर जाऊन विरते. सरळ वर गेलेली बहुतेक वेळा आयनांबर भेदून निघून जाते. तिरपी गेलेलीच परत येते आणि ती खूप दूर उतरते. परिणामी रशिया किंवा युरोप स्पष्ट ऐकू येतो, पण सरळ रेषेत सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवरचे नागपूर ऐकू येत नाही. संच मोडलेला नसतो. लहर नागपूरच्या डोक्यावरून उडून गेलेली असते.

७ मेगाहर्ट्झची गोष्ट वेगळी. दिवसा ही लहर जवळजवळ सरळ वर पाठवली तरी परत येते. पत्र्याच्या छताखाली उभे राहून पाण्याच्या पाइपचे तोंड वर धरले की पाणी पत्र्यावर आपटून चहूकडे पडते, तसे. मध्ये डोंगर असो, दरी असो, फरक पडत नाही, कारण लहर वरून उतरते. वाशीमपासून सरळ रेषेत हैदराबाद सुमारे ३३५, पुणे सुमारे ३८५ आणि मुंबई सुमारे ४६० किलोमीटर. म्हणजे जवळपास सारा महाराष्ट्र या फवाऱ्यात भिजतो. अंधार पडल्यावर वरचा थरही पातळ होतो, ७ मेगाहर्ट्झची लहर जवळचे सोडून दूरचे गाठू लागते. तेव्हा ३.५ मेगाहर्ट्झवर उतरावे लागते. म्हणून पेटीवर पहिली पाहण्याची गोष्ट ही, की तिच्यात हे दोन पट्टे आहेत का. पोलिसांकडे किंवा सुरक्षारक्षकांकडे दिसणाऱ्या हातातल्या वॉकीटॉकीत ते नसतात. तिची लहर नजरेच्या टप्प्यापर्यंत जाते, टेकडी आडवी आली की संपते.

फवारा वर मारायचा तर अँटेना फार उंच नकोच. ७ मेगाहर्ट्झसाठी साधारण १०-१० मीटरच्या दोन तांब्याच्या तारा, मध्ये केबल जोडलेली, आणि जमिनीपासून पाच ते दहा मीटर उंची. दोन कडुनिंबांच्या मध्ये ती सहज ताणता येते. ३.५ मेगाहर्ट्झसाठी तार दुप्पट लांब लागते. शहरातल्या सदनिकेत राहणारा हॅम याच लांबीसाठी सोसायटीशी भांडत असतो. खळे आणि बांध असलेल्या माणसाला तो प्रश्न नाही.

बऱ्याच संचांत अँटेना ट्यूनर बसवलेला असतो आणि विक्रेते त्याचे फार कौतुक करतात. ट्यूनर अँटेना सुधारत नाही, तो फक्त संचाची समजूत घालतो. तारेची लांबी चुकली की पाठवलेली शक्ती काही प्रमाणात परत येते. हे प्रमाण दाखवणारा आकडा एसडब्ल्यूआर नावाने पडद्यावर दिसतो. तो १.५च्या आत असला की निश्चिंत राहावे. ३च्या पुढे गेला की चांगला संच स्वतःला जपण्यासाठी शक्ती आपोआप कमी करतो. हे संरक्षण आहे की नाही, ते ट्यूनरच्या आधी विचारावे.

वॉटचा हिशेब पाहिला की जाहिरातीतल्या आकड्याचा रुबाब उतरतो. ऐकू येणाऱ्या संकेताची ताकद संचावर एस-१ ते एस-९ अशा पायऱ्यांत दिसते. एक पायरी चढायला शक्ती चौपट करावी लागते. म्हणजे १०० वॉटवरून २५ वॉटवर आलो तर समोरच्याचा काटा फक्त एक पायरी खाली येतो. दहा वॉटवर आलो तरी दोन पायऱ्याही पुऱ्या उतरत नाही. समोर एस-८ असेल तर बोलणे व्यवस्थित चालू राहते. शिवाय हॅम आवाजासाठी एसएसबी पद्धत वापरतात. आकाशवाणीच्या एएम प्रसारणात बरीचशी शक्ती वाहक लहरीवर खर्च होते आणि तोच आवाज दोन बाजूंना दोनदा पाठवला जातो. एसएसबीत वाहक लहर आणि एक बाजू कापून टाकतात. सारी शक्ती उरलेल्या एका बाजूत, तीही अडीच किलोहर्ट्झच्या आसपासच्या रुंदीत. जुन्या रेडिओचा काटा फिरवताना मध्येच बदकाने बोलल्यासारखा आवाज येई, तो हाच. संच नेमका त्या वारंवारतेवर आणला की बदकाचा माणूस होतो. त्यासाठी मोठे, हलके फिरणारे बटण हवे आणि फक्त ऐकण्याची वारंवारता किंचित सरकवणारे आरआयटी नावाचे छोटे बटण हवे.

शक्ती विकत घेता येते, पण कान चांगला असावा लागतो. संचाची किंमत खरी तिथे आहे.

वाशीम जिल्ह्यातल्या शेतांत रात्री ऐकायला बसले तर पहिल्यांदा कानावर पडतो तो टक्... टक्... टक्... असा ठोका. रोही आणि रानडुकरांपासून सोयाबीन, हरभरा वाचवण्यासाठी कुंपणाला लावलेले झटका मशीन सेकंदा-दीड सेकंदाला एक ठोका तारेत सोडते. कुंपणाची ती लांबलचक तार अँटेनासारखी वागते आणि एखादा सांधा सैल असला, गवत टेकले असले की ठिणगी उडून तो ठोका आसपासच्या रेडिओंत ऐकू येतो. यासाठी संचात नॉइज ब्लँकर असतो. ठोका अतिशय तोकडा असतो. तो येताच संच क्षणाच्या बारीकशा तुकड्यापुरते कान मिटतो आणि पुन्हा उघडतो. माणसाचे बोलणे इतक्या छोट्या तुकड्याने तुटत नाही. मात्र ब्लँकर फार वाढवला तर शेजारचे मोठे संकेतही त्याला ठोके वाटू लागतात आणि आवाज फाटतो.

स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, सौर पंपाचे कंट्रोलर यांचा त्रास वेगळा. ती सततची घरघर असते आणि ब्लँकर तिच्यापुढे हतबल. तेथे नॉइज रिडक्शन थोडी मदत करते, पण खरा इलाज शोधाशोध हाच. संच बॅटरीवर ठेवायचा, घराचा मेन स्विच बंद करायचा आणि ऐकायचे. घरघर थांबली तर दोषी घरातच आहे, मग एकेक बटण चालू करत तो पकडायचा. न थांबली तर शेजारी किंवा ११ केव्हीच्या खांबावरचा गळका इन्सुलेटर. यंत्रांच्या विजेचा असा उपद्रव जुनाच आहे. मुंबईत ट्राम विजेवर चालवायचे ठरले तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेला पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी अलिबागला हलवावी लागली होती. १९०४पासून ती तेथे सुरू आहे.

नव्या संचांच्या पडद्यावर ‘वॉटरफॉल’ दिसतो. सारा पट्टा आडवा पसरलेला आणि वेळ वरून खाली वाहणारी. बोलणारी माणसे त्यात उभ्या झिरमिळ्यांसारखी दिसतात, झटका मशीनचा ठोका पट्टाभर आडवी रेघ मारतो, चार्जरची घरघर जाड, डुलणाऱ्या उभ्या पट्ट्यासारखी. कान तयार नसलेल्या नवख्यालाही कोणता त्रास कशाचा, हे डोळ्यांनी ओळखता येते. आयकॉम कंपनीच्या २०१६च्या सुमारास आलेल्या आयसी-७३०० या संचाने ही सोय मध्यम किमतीत आणली. अँटेनातून आलेली लहर थेट आकड्यांत बदलायची आणि पुढची गाळणी संगणकासारखी गणिताने करायची, ही त्याची पद्धत. त्यामुळे ऐकण्याची रुंदी हवी तशी आवळता येते : माणसाच्या आवाजासाठी २.४ किलोहर्ट्झ, मोर्ससाठी ५०० हर्ट्झ किंवा त्याहूनही कमी.

एक बटण मात्र नवखे उलटे वापरतात. आवाज नीट येत नाही म्हणून ते प्रीअँप लावतात. ७ मेगाहर्ट्झवर आकाशातली खरखरच इतकी असते की प्रीअँपने बोलण्याबरोबर तीही वाढते. रात्री ७.२च्या वर बसलेल्या मोठ्या परदेशी प्रसारण केंद्रांनी संच भांबावला असेल, तर उलट संकेत कमी करणारा अटेन्युएटर लावावा. खरखर दबते, माणूस वर येतो.

आणीबाणीसाठी घ्यायचा तर विजेचा हिशेब आधी. बहुतेक १०० वॉटचे संच १३.८ व्होल्ट डीसीवर चालतात, म्हणजे ट्रॅक्टरची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी थेट चालते. नुसते ऐकताना एक ते दीड अँपिअर, पूर्ण शक्तीने बोलताना सुमारे २० अँपिअर. ७५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतील निम्मीच वीज वापरायची म्हटली, तरी पूर्ण दिवसभर ऐकून मध्येमध्ये थोडे बोलता येते. शक्ती २५ वॉटवर आणली तर आणखी लांबते. एखादा सौर पत्रा जोडीला असेल तर चिंताच नको, फक्त त्याचा कंट्रोलर घरघर करणारा नको.

आवाज पोहोचेनासा झाला तर मोर्स आहेच, आणि आता एफटी८ही आहे. ही पद्धत ज्यो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७मध्ये आणली. टेलर हे जोडतारका-स्पंदकाच्या शोधासाठी १९९३चे भौतिकीचे नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ आणि स्वतः हॅम. अवकाशातले क्षीण संकेत गोंगाटातून वेचण्याची त्यांची सवय इथे कामी आली. संगणक १५ सेकंदांच्या खेपांत अगदी तोकडा मजकूर पाठवतो आणि कानाला काहीच ऐकू येत नसताना समोरचा संगणक तो वाचतो. मात्र एका खेपेत मावते ते संकेतनाव, ठिकाण आणि संकेताची ताकद. रुग्णाला कोणत्या रस्त्याने आणायचे, हे त्यात सांगता येत नाही. संचाला संगणकासाठी यूएसबी जोडणी असेल तर ही सोय मिळते, पण केवळ तिच्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

किंमत हा खरा अडसर. आयात संच शुल्कासह लाखाच्या घरात जातो. त्यावर भारतातूनच एक तोड निघाली. हैदराबादचे अशहर फरहान (व्हीयू२ईएसई) यांनी २००३मध्ये ‘बिट-एक्स’ नावाचा एसएसबी संच आखून तो सर्वांसाठी खुला केला. बाजारात सहज मिळणारे ट्रान्झिस्टर आणि हाताने गुंडाळलेल्या कॉइल एवढ्यावर तो उभा राहतो. शक्ती सहा-दहा वॉट. पुढे त्याचीच सुधारित, अनेक पट्ट्यांवर चालणारी आवृत्ती आली. जगभरच्या हॅमनी ती आपल्या टेबलावर जोडली. वर सांगितलेला पायऱ्यांचा हिशेब आठवला तर दहा वॉटमध्ये पुणे-नागपूर गाठणे अशक्य नाही, हे लक्षात येईल. आयटीआय किंवा पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्याला यातून जे शिकायला मिळेल ते तयार संचातून मिळणार नाही. त्याचा कान मात्र महाग संचाइतका तीक्ष्ण नसतो.

काहीही घेतले तरी परवान्याशिवाय माइकचे बटण दाबणे गुन्हा आहे. दूरसंचार विभागाची परीक्षा १२ वर्षांवरील कुणालाही देता येते. रेडिओची मूलतत्त्वे आणि नियम यांवर प्रश्न असतात. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स येण्याची अट नाही, जनरलला आहे. उत्तीर्ण होऊन परवाना मिळाला की व्हीयूने सुरू होणारे संकेतनाव मिळते. माजी पंतप्रधान राजीव गांधींचे व्हीयू२आरजी होते. हॅमच्या लहरींवर धंद्याचे बोलणे चालत नाही, त्यामुळे सोयाबीनचा भाव ठरवण्यासाठी हा संच उपयोगाचा नाही. सांकेतिक भाषेत गुपिते पाठवणेही चालत नाही. जे बोलाल ते सगळ्यांना ऐकू जाते.

आरोग्याबद्दलची भीती बहुधा चुकीच्या जागी असते. लघुलहरी क्ष-किरणांसारख्या पेशींतील अणू फोडत नाहीत, त्यांचा ज्ञात परिणाम उष्णतेचा आहे. १०० वॉटच्या संचाची अँटेना माणसांपासून काही मीटर दूर असली की काळजी मिटते. पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावे. खरा धोका वेगळा आहे. बोलताना तारेच्या टोकांना शेकडो व्होल्टचा दाब असतो. तिथे बोट लागले तर कातडी आतून भाजते आणि ती जखम दिसते त्यापेक्षा खोल असते. टोके मुलांच्या, गुरांच्या आवाक्याबाहेर हवीत. आणि सर्वांत घातक म्हणजे अँटेना ताणताना दोरी किंवा तार महावितरणच्या वाहिनीवर पडणे. वाहिनी जिथे तुटून पडू शकते, तिथून अँटेना दूरच असावी.

सूर्यही कधी आडवा येतो. त्याच्यावर मोठा भडका उडाला की दिवसा असलेल्या बाजूचा डी थर एकाएकी दाट होतो आणि साऱ्या लघुलहरी काही मिनिटे ते तासभर बुडतात. अशा वेळी संच उघडून बसू नये. मे २०२४मधले मोठे सौरवादळ ज्यांना आठवत असेल, लडाखमध्ये हानलेच्या आकाशात लाल प्रकाश दिसला होता ते, त्या दिवसांत आयनांबरही विस्कटले होते.

आता पुन्हा वळवाच्या वादळाकडे. ज्या वादळात या संचाची गरज पडते, त्याच वादळात तो वापरायचा नसतो. लांबलचक तार म्हणजे विजेला आमंत्रण. ढग जमू लागताच केबल संचापासून काढून घराबाहेर टाकायची, बाहेर गाडलेल्या अर्थिंगला जोडायची, संचाची बॅटरीही सोडवायची. मोबाइल बंद पडलेला, संच समोर, आणि माणूस हात बांधून बसलेला, अशी ती वेळ असते. शेवटचा गडगडाट ऐकू आल्यावर अर्धा तास थांबायचे. मग केबल जोडायची, एसडब्ल्यूआर पाहायचा, कारण वादळात तार तुटली असेल तर तो आधी सांगतो. ऊन असेल तर ७ मेगाहर्ट्झ, अंधार पडला असेल तर ३.५. बोलण्याआधी दोन मिनिटे ऐकायचे. दुसरे कुणी आधीच मदत मागत असण्याची शक्यता असते.